सगुणकाकांनी घातलेलं गाऱ्हाणं

हळर्ण, सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

आले एकदाची! पेडण्याहून बसने, ट्रंक टपावर. शाळेत मराठी शिकवायची नोकरी, पगार माझ्या हातात, खोली माझी. कचेरीच्या फलकावर 'गोवा राज्य' रंगवलंय, रंग अजून चकचकीत. शिक्षकांच्या खोलीत मराठी की कोंकणी यावरून पहिल्याच दिवशी चहा थंड झाला. मीही तोंड घातलं. हल्ली मला गप्प बसवत नाही.

घरमालक सगुणकाका आणि यशोदाकाकी, दोघंच. काकींनी पाव आणि पातळभाजी दिली. संध्याकाळी अकरा वह्या जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर, मांडल्या. चौदाव्या वर्षापासून रोजनिशी लिहितेय. नव्या ठिकाणी गेले की प्रत्येकीतलं एक पान वाचायचं, हा माझा रिवाज. पहिल्या वहीत गोल गोल अक्षर: 'आई सांगते तेच बरोबर.' लग्नानंतरच्या वह्यांत, 'माझीच चूक असेल.' आणि अकराव्या वहीत, नवऱ्याने, कृष्णनाथाने, दात पाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, कागद फाटेल इतकं दाबून: 'मी परत जाणार नाही.' एवढं एक वाक्य लिहायला मला सोळा वर्षं लागली. शाब्बास गं प्रभावती!

गुरुवार, १२ नोव्हेंबर

डिचोलीहून कृष्णनाथाची चिठ्ठी, खाणीच्या ट्रकवाल्याच्या हाती. रविवारी न्यायला येतोय म्हणे. न्यायला! मी काय त्याच्या ट्रकावरची ताडपत्री? चिठ्ठी फाडली, कळशी आपटली, अंगणात उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. काकी घाबरल्या. "बाय, इतलो राग बरो न्हय गो," म्हणाल्या. बरो न्हय? या रागानेच मला त्या घरातून बाहेर काढलं!

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

सकाळी काकांनी कुंपणाजवळच्या देवचारापुढे नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घातलं. तो जागेचा राखणदार. घरात नवं माणूस आलं की त्याच्या कानावर घालावंच लागतं. मी हात जोडून उभी. शेवटी काकांनी मागितलं, या लेकीच्या मनातला राग काढून घे, तिला पहिल्यासारखी कर. काकी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" मग दोघं माझ्याकडे बघत थांबले. म्हाताऱ्या माणसांना कशाला दुखवा, म्हणून मीही म्हटलं, व्हय म्हाराजा.

शनिवार, १४ नोव्हेंबर, सकाळ

उद्यासाठी धीर हवा म्हणून अकरावी वही काढली. पान तेच, शाई तीच. वाक्य: 'मी परत जाईन.'

कोणी केला हा चावटपणा? तणतणत काकींकडे गेले. त्या बिचाऱ्यांना लिहिता-वाचता येत नाही. आणि अक्षर माझं आहे. माझंच!

दुपार

दहावी वही, नववी, आठवी — सगळीकडे तेच. 'त्याने मारलं' होतं तिथे 'मी चुकले.' आरशात पाहिलं. दाताची फट आहे, पण तो कशाने पडला ते आठवायला —

धावत देवचाराकडे गेले. ओरडले, माझा राग परत दे, माझा आहे तो, सोळा वर्षं मार खाऊन कमावलाय! काकांचे पाय धरले, गाऱ्हाणं उलट घाला म्हटलं. ते म्हणाले, त्याला दिलेलं परत मागायचं नसतं. अस्सा संताप आला! नारळाची कवड मारायला हात उचलला, आणि कशासाठी उचलला ते —

संध्याकाळ

लवकर लिहिते. प्रभावती, हे उद्या वाच. जाऊ नकोस. दात त्याने पाडला. त्याने. जाऊ न — अक्षर गोल होतंय — दाबून लिहितेय तरी गोल — जाऊ —

रविवार, १५ नोव्हेंबर

आज ऊन छान पडले आहे. काकींनी माझी वेणी घातली, अबोली माळली. ट्रंक भरून झाली. जुन्या वह्या चुलीत घातल्या, त्यांचा काय उपयोग! या वहीतल्या मागच्या पानावर कोणी तरी वेडेवाकडे लिहिले आहे. कोण ही बाई? किती रागीट!

ट्रक आला. ते आले आहेत. लिहिणे पुरे, असे ते दारातून सांगतात. ते सांगतात तेच बरो—