साठच्या वेगाला

८ नोव्हेंबर, इंद्रपुरी

एकोणपन्नासाव्या वर्षी नवरी होऊन आले, आणि माप ओलांडताना हसू आवरेना. कमलिनीवन्संनी, म्हणजे माझ्या नव्या नणंदबाईंनी, माप काठोकाठ भरलं होतं. तांदूळ थेट चपलांच्या रॅकखाली गेले. अच्युतराव स्वतःच झाडू घेऊन आले. माणूस बरा वाटतो. आयुष्य कारखान्याच्या मशीनशॉपमध्ये गेलं, त्यामुळे बोलणं कमी आणि हात सतत कामात.

अंगणात त्यांचं दुसरं घर उभं आहे. जुनी मिनीबस घेऊन त्यांनी स्वतः केलेलं मोटरहोम. आत पलंग, शेगडी, बेसिन, निळे पडदे. ड्रायव्हरशेजारची खुर्ची तर अशी की मी बसले ती उठेचना. माझ्यासाठी एवढं आजवर कोणी केलं नव्हतं. उज्जैनची शाळा आणि भाड्याची खोली, दोन्ही सोडून आलेय. आता राहायचं ते इथेच.

वन्संनी जाताना चांदीचा टाक दिला. पहिली बायको वारलेली असेल तर दुसरीने तिचा मुखवटा कोरलेला टाक गळ्यात घालायचा, सणावारी आधी तिला हळदकुंकू लावायचं, म्हणजे ती रुसत नाही म्हणे. अच्युतरावांनी हसत तो आपल्या खिशात ठेवला. म्हणाले, आजच्या काळात असलं काही कांचनच्या गळ्यात घालायचं नाही. मला ते फार आवडलं.

गाडीला साठच्या वेगाला जराशी थरथर आहे. ती काढली की नर्मदेच्या काठाकाठाने महिनाभर भटकायचं.

१२ नोव्हेंबर

आज माझी पहिली फेरी. बाग सेवनियाची वस्ती मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. साठला काटा टेकला आणि तळव्यांना मुंग्या आल्या. स्टीलचा पेला ओट्यावर चालायला लागला. अच्युतराव चकित. काल एकट्याने नेली तेव्हा थरथर गेलीच होती, म्हणाले.

मग मला शिकवत बसले. गाडी न्यूट्रलला टाकून नुसती वाहू द्यायची. तरी थरथरली, म्हणजे दोष इंजिनात नाही. राहिली चाकं, आणि गाडीच्या तळाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा, शाफ्ट. तो किंचित जरी एका अंगाला जड असला तरी सगळी गाडी हलते. त्यांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट काढायची, बदलायची, फेरी मारायची. नाहीतर गुन्हेगार कोण ते कळतच नाही. मला ऐकायला मजा आली. वर्गात असा एक विद्यार्थी मिळाला असता तर!

१७ नोव्हेंबर

चाकं बदलली. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे बदलले, मधलं बेअरिंग बदललं. दर फेरीला मी शेजारी, आणि दर फेरीला थरथर.

आज म्हणाले, तू घरीच थांब. तासाभराने आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. थरथर अजिबात नाही! आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मी शिरा केला. करताना दोनदा रवा करपवला.

२० नोव्हेंबर

माझ्या खुर्चीत माझ्या वजनाचं गव्हाचं पोतं ठेवून फेरी मारली. गाडी शांत. शेजारच्या सोनालीला बसवून मारली. शांत. मला बसवलं, आणि काचा खडखडायला लागल्या. ते हसले. मला हसू आलं नाही. पोत्यापेक्षा मी गेलेली, हे नवऱ्याने मला प्रयोगाने सिद्ध करून दाखवलं.

सोनालीने उतरताना सहज विचारलं की ही इंदूआंटीच्याच नापाची सीट आहे ना, तुम्हाला आरामात होते का? पडदेही इंदूआंटीने बिट्टन मार्केटमधून आणलेले. इंदू म्हणजे अच्युतरावांची पहिली बायको. मला कोणी खोटं सांगितलं नव्हतं. मीच वेड्यासारखी सगळं माझं म्हणून बसले होते.

२३ नोव्हेंबर

वन्संना फोन केला. त्यांनी आधी हेच विचारलं की टाक गळ्यात आहे ना.

अच्युतरावांना विचारलं. त्यांनी हातातला स्पॅनर पुसून खाली ठेवला. मग सांगितलं की टाक शाफ्टवर आहे. शाफ्टची हलकी बाजू भरायला थोडंसं वजन लागतं. शाफ्टभोवती गोल पट्टीसारखी क्लिप आवळून तिच्याखाली ते बसवतात आणि थरथर जाईपर्यंत जागा सरकवतात. टाकाचं वजन नेमकं जमलं. माझ्या गळ्यात घालायला मन मानेना, फेकून द्यायलाही मानेना.

म्हणजे मी आल्यापासून ती बाई आमच्या पायाखाली गरगर फिरते आहे, आणि मी वर तिच्या खुर्चीत बसते आहे. हळद नाही, कुंकू नाही. नुसतं ग्रीस.

मी म्हटलं, काढा. त्यांनी काढला. गाडी तिसालाच अशी धडधडली की कपाटं उघडली. पुन्हा बसवला. म्हणाले, तिच्याशिवाय नाही चालायची. 'टाकाशिवाय' नाही म्हणाले.

२५ नोव्हेंबर

गाडी अंगणात बंद उभी आहे. तरी माझ्या हातातला चहा हलतो. त्याच कपातून ते पितात तेव्हा चहा स्थिर.

मला भीती वाटते. लिहिताना ओळी वाकड्या जातात.

२६ नोव्हेंबर

ठरवलं. तिची ओटी भरीन, हळदकुंकू लावीन, टाक गळ्यात घालीन. माझी काही तक्रार नाही, मला फक्त इथे राहू दे.

अच्युतराव गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला. क्लिप जागेवर आहे, घट्ट आहे. खाली टाक नाही.

२७ नोव्हेंबर

अंघोळ करताना मानेला काळं लागलं होतं. ग्रीस. गळ्याभोवती पूर्ण गोल, क्लिपच्या रुंदीचा पट्टा. साबणाने जात नाही—

त्यांना दाखवलं. बोटाने पुसून पाहिलं, वास घेतला. म्हणाले, उद्याच नर्मदेला निघू.

२८ नोव्हेंबर

निघालो. मला मागे पलंगावर बसवलंय. पुढची खुर्ची रिकामी. तिचा पट्टा लावलेला आहे—

साठ. पेला स्थिर. गाडी पाण्यासारखी चाललीय. अक्षर बघा माझं— थरथरतंय ते फक्त माझंच—

पुढे ते बोलतायत. हळू, हसून. असं माझ्याशी कधी— विचारलं, आता बरं वाटतंय ना? मी हो म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला विचारलंच नव्हतं.

गळ्यावरचा काळा पट्टा आवळतोय. गिळता येत नाही.

आता मला हाक मारली. आवाज गोड. म्हणतात, कांचन, शेवटची एक चाचणी, मागचं दार उघडून जरा वाकून शाफ्टचा आवाज ऐक. गाडी थांबवत नाहीत. सत्तर—

मी उठले नाही. दाराची कडी आपोआप— ऊन आत आलं. खाली रस्ता—

एका वेळी एकच गोष्ट काढायची. चाकं झाली, सांधे झाले, बेअरिंग झालं. आता गाडीत काढण्यासारखी एकच—