अधांतरी घंटा आणि हुजैफाचा साफा

मुक्काम पिंपळदरे, भैरोबाच्या देवळापुढे,
बुधवार

आदरणीय समधीसाहेब गुलामनबीभाई मुकादम यांना मुस्तकीमचा सलाम पोचावा. (समधी म्हणायचं, व्याही म्हणायचं, की काहीच नाही, हे आता तुमच्या हाती आहे. मी सवयीने लिहिलं. सवय तशी नवीच आहे.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? खाऱ्या वाऱ्याने दुखणं वाढतं असं तुम्ही म्हणाला होता. अंबडला खारा वारा नाही, पण आमच्या इमारतीला लिफ्टही नाही, आणि रविवारी जिना उतरताना तुम्ही रागात होता. रागात माणूस पाय आपटत उतरतो, त्याने गुडघा जास्त धरतो. तुमच्या अम्मीजान बऱ्या असतील, तुमचा हुजैफा कामावर जात असेल, अशी दुआ करतो.

पत्रास कारण तुमचा न उचललेला फोन. रविवारपासून मी तो लावतो आहे. आधी नुसता वाजायचा. सोमवारपासून एक बाई सांगते की ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. इतका वेळ कोणी दुसऱ्या कॉलवर नसतं हे मला कळतं, पण त्या बाईशी वाद घालता येत नाही. म्हणून हे पत्र. घंटा न्यायला तुमच्या बंदराहून आलेला ट्रक आज रिकामाच परत निघाला आहे. त्याचा ड्रायव्हर चंदर हे पत्र तुमच्या हातात देईल. त्याला चहा पाजा. त्याचा यात दोष नाही.

दोष माझा आहे. माझ्या माहेनूरच्या मंगनीला तुम्ही अख्खं घर घेऊन समुद्रावरून घाट चढून आलात, आणि मुलीचा बापच घरी नाही. माझ्या मेहरुन्निसाने त्याच दिवशी फोनवर मला सगळं सांगितलं. तुम्ही बिर्याणी खाल्लीत, दोनदा दाराकडे पाहिलंत, आणि शीरखुर्म्याला हात न लावता अंगठी खिशात परत घालून उठलात. गोड न खाता उठलेला पाहुणा म्हणजे काय, हे आमच्या घरात लहानांनाही कळतं. त्या फोननंतर मेहरुन्निसा माझ्याशी फक्त माहेनूरमार्फत बोलते, आणि माहेनूर बोलतच नाही, त्यामुळे मला घरचे निरोप फार कमी येतात.

आता मी कुठे होतो ते सांगतो. मी या घंटेखाली होतो. अजून आहे. हे पत्रही इथेच, डाव्या हाताने साखळी धरून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं आहे.

हे काम मी घेतलं ते तुमच्याच शब्दाखातर. (दोष देत नाही, फक्त आठवण करून देतो.) मुलगा पाहायला आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही मला बंदर हिंडवून दाखवलंत, ते मी विसरलेलो नाही. पोर्तुगीजांचा पडका किल्ला, त्याला रात्री लावायचे जांभळे दिवे, प्रत्येक वळणावर माहितीचा फलक. तुमच्या अंगणातल्या विहिरीवरही एक फलक होता आणि त्यामुळे तुम्हाला तिथे अंघोळ करता येत नव्हती. वारसा महोत्सवाचे सल्लागार रुद्रसाहेब पाहुण्यांची एक रांग घेऊन आले आणि बोंबील वाळत घालणाऱ्या अम्मीजानचे फोटो काढून गेले. अम्मीजान म्हणाल्या, “मेल्यांनो, एक हात तरी लावा.” तुम्ही हसलात, पण मला तुमचा चेहरा दिसला. जाळ्याला मासा लागत नाही, म्हणून तुम्ही दोन्ही होड्यांना लाल गाद्या लावून त्या पर्यटकांसाठी सजवल्या आहेत. जेट्टीवर, तुमच्या खानावळीसमोर, घंटेसाठी दगडी चौथरा बांधून तयार आहे. घंटा आली की माणसं येतील, माणसं आली की होड्या भरतील. पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा जुन्या लढाईत घाटावर गेली आणि ती आमच्याच गावच्या देवळात आहे, हे तिथेच बोलता बोलता निघालं. तुम्ही लगेच रुद्रसाहेबांना म्हणालात, “उतरवायला आमचे समधी आहेत. जड मशिनी हलवायचं त्यांचंच काम.” समधी हा शब्द तुम्ही तेव्हा पहिल्यांदा उच्चारलात. त्या शब्दासाठी मी घंटाच काय, किल्लाही उतरवला असता.

घंटेबद्दल तुम्हाला थोडं सांगायला हवं. मी शिकलो पिंपळदऱ्यातच. शाळेला स्वतःची घंटा नव्हती. आत्ताच्या केरू गुरवाचा बाप भैरोबाची ही घंटा वाजवायचा आणि आम्ही पळत सुटायचो. वडील याच गावच्या कब्रस्तानात आहेत. घंटेवर शेंदराचे इतके थर आहेत की खालचा क्रूस डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. अझान, शाळा आणि आरती, तिन्हीची वेळ आम्हाला तिच्यावरूनच कळायची. तिच्यात कोणाची प्रार्थना जास्त मुरली असेल, असा विचार या चार दिवसांत मी पुष्कळ केला. उत्तर सापडलं नाही, पण वेळ गेला.

रविवारचं काम तासाभराचं होतं. सकाळी घंटा उतरवायची, ट्रकमध्ये ठेवायची, आणि पाहुण्यांच्या आधी अंबडला पोचायचं. हुजैफाला द्यायचा मोतिया रंगाचा साफा मी आदल्या दिवशी मेन रोडवरून घेतला होता, तोही पिशवीत सोबत होता. मी तीन पायांची लोखंडी घोडी उभी केली, तिला चेन कुप्पी लावली (साखळी ओढून वजन उचलतात ते, तुमच्या जेट्टीवर होडीचं इंजिन चढवतात तेच), घंटा कुप्पीवर घेतली. इतक्यात केरू गुरव म्हणाला, “मुस्तकीमभाऊ, एक सांगायचं राहिलं. ही भुईला टेकवायची नाय. आन अधांतरी हाय तवर वाजली, तर देवाचा नकार समजायचा.” मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, “आधी कुठं कोन उतरवत व्हतं?”

रुद्रसाहेबांना हे फार आवडलं. त्यांनी केरूला ते पुन्हा बोलायला लावलं, मोबाइलवर घेतलं आणि तिथल्या तिथे महोत्सवाच्या पानावर टाकलं. त्यामुळे आता ती अट साऱ्या जगाला ठाऊक झाली आणि रुद्रसाहेबांना मागे फिरता येईना. घंटा वाजू नये म्हणून तिच्या आतला लोलक बांधायला मऊ कापड हवं होतं. कोणाचं धोतर चालेना, कोणाची गोधडी जाड होई. वजन माझ्या हातावर होतं, वेळ जात होता, आणि पिशवीतून मोतिया काठ बाहेर डोकावत होता. गुलामनबीभाई, मी साफा काढला. हुजैफासाठी घेतलेला साफा आज घंटेच्या पोटात आहे.

पुढचं लवकर सांगतो. घंटा सुटताच वरचा गंजलेला आकडा तुटून माझ्या पायाशी पडला, म्हणजे ती परत टांगता येईना. खाली टेकवता येईना. ट्रक देवळापर्यंत येईना, कारण गावाने पर्यटक येतील म्हणून महिन्यापूर्वी वेशीत सिमेंटची ऐतिहासिक कमान बांधली आहे, आणि ती जुन्या वेशीपेक्षा अरुंद आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घ्यावी तर तीतून आदल्याच दिवशी कोंबडीखत वाहिलेलं. बैलगाडीला रुद्रसाहेबांच्या विमा कंपनीची परवानगी नाही. एवढ्यात सरपंच सगुणाबाई आल्या. (माझ्याच वर्गातल्या. पाढे त्यांचे पक्के होते, मार मला बसायचा.) त्यांनी विचारलं, घंटा परत कधी? रुद्रसाहेब म्हणाले, दीर्घकालीन. सगुणाबाई म्हणाल्या, “म्हंजे किती जत्रा?” रुद्रसाहेब पुन्हा म्हणाले, दीर्घकालीन. बाईंनी पदर खोचला. “मंग जिथं हाय तिथंच राहू द्या. कागदावरचं दीर्घ आमी लय पाहिलंय.”

तेव्हापासून घंटा माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लटकली आहे. गाव म्हणतं, खाली घ्यायची नाही. रुद्रसाहेब म्हणतात, वर न्यायची नाही, गावाशी करार झाला आहे. आणि दोघंही मला म्हणतात, तुम्ही हलू नका. माझा मदतनीस वाल्मीक मला सोडवायला अंबडहून आला, पण गावाने त्याला हात लावू दिला नाही. तो येवल्याचा, मी गावचा. रुद्रसाहेबांनीही नको म्हटलं. माझी शिफारस तुम्ही केलेली, वाल्मीकची कोणी केली? मला निघून जाता आलं असतं. पण लटकत्या वजनाकडे पाठ फिरवायची नाही, ही मला या धंद्यात पहिल्या दिवशी दिलेली शिकवण आहे, आणि खालून शाळेची पोरं जातात.

सोमवारी दुपारी वावटळ आली. आधी कमानीवरचा कागदी तोरणाचा तुकडा उडाला, मग धूळ आली आणि घंटा हळूच फिरायला लागली. गाव एका बाजूला उभं, रुद्रसाहेब आणि चंदर दुसऱ्या बाजूला.  घोडीचा एक पाय मातीत सरकला तो मला आवाजावरून कळला. मी साखळी सोडून घंटेलाच मिठी मारली, कानाखाली तो क्रूस, नाकाला शेंदूर आणि तेल. आत लोलक साफ्यासकट हलला. मऊ धप्प असा आवाज आला. सगळ्यांनी केरूकडे पाहिलं. केरूने डोळे मिटले, पुष्कळ वेळ मिटूनच ठेवले, आणि म्हणाला, “ह्याला वाजली म्हनत नाय. न्हाय वाजली असंबी म्हनत नाय.” सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. रुद्रसाहेब धुळीत खाली बसले; त्यांचे पांढरे बूट आता आमच्या मातीच्या रंगाचे झाले आहेत आणि त्यांना ते शोभतात.

दुपारची, जोहरची नमाज मी इथेच, घोडीच्या बाजूला पढतो. केरू त्याचं धुतलेलं पोतं अंथरून देतो आणि तेवढा वेळ साखळी धरतो. त्याच्या हाती ती मी देतो, कारण त्याला घंटा इथेच हवी आहे आणि तरी तो तिला वाजू देणार नाही. असा माणूस दुसरा मला इथे दिसत नाही. स्वतःबद्दल मला तेवढी खात्री नाही. साफ्याची एक गाठ सोडली, की घंटा वाजेल, गाव मला खांद्यावर घेईल, आणि तुमचा चौथरा रिकामा राहील. सोडली नाही, तर आज ना उद्या रुद्रसाहेब ती नेतील, तुम्ही कदाचित मला माफ कराल, आणि मी वडिलांच्या कबरीवर जाताना मान खाली घालून जाईन. माझी माहेनूर यांपैकी कोणत्या बाजूला टांगली आहे ते तुम्हाला सांगायला नको. मुलगी बी.कॉम. आहे, शांत आहे, आणि तुमचा हुजैफा तिला आवडला होता. हे तिने मला सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर तिने अंगठीच्या ताटावरचा रुमाल घडी करून परत ताटातच ठेवला, टाकला नाही, एवढंच मला मेहरुन्निसाकडून त्या फोनवर कळलं.

तेव्हा राग गिळावा, ही विनंती. अम्मीजानना आदाब. हुजैफाला दुआ.

तुमचा,
मुस्तकीम शेख

ता. क. मूळ सांगायचं ते राहिलंच. काल संध्याकाळी सगुणाबाई माझ्यासाठी भाकरी घेऊन आल्या आणि बसल्या. मी तोंड धुवायलाही उठत नाही हे पाहून त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक हाय ना? मी रविवारचं सांगितलं. त्यांनी भाकरी सोडून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, “मुस्तकीम, घंटा कागदावर द्यायची नाय. पर लेक देतो तशी देऊ. जत्रेला, दिवाळीला माहेरी धाडायची. नीट नांदवली नाय, तर आमी जाऊन घेऊन येनार. पर लेक सोयऱ्याच्या घरी देतात, हपिसात नाय. तुजी पोरगी तिथं दिली, तर घंटा तिच्या मागोमाग.” गावाला हे पटलं. केरूलाही पटलं. रुद्रसाहेबांनी वरच्या साहेबांना फोन केला. त्यांनाही पटलं, फक्त ‘नांदवणे’ करारात कसं लिहायचं ते ते विचारत आहेत. तेव्हा परिस्थिती अशी आहे, की मंगनी झाली तर घंटा तुमच्या चौथऱ्यावर, आणि नाही झाली तर नाही. मी हे वर लिहिणार होतो, पण आधी माफी मागावी असं वाटलं.

ता. क. दुसरं. शुक्रवारी चंदर ट्रक घेऊन परत येणार आहे. तुम्ही सगळे त्याच्यासोबतच या. मंगनी इथेच, देवळासमोर होईल. मला जागा सोडता येत नाही. मेहरुन्निसा माहेनूरला घेऊन येते आहे आणि शीरखुर्मा पुन्हा करणार आहे. (हा निरोप माहेनूरने स्वतः फोन करून दिला, म्हणून मी आज लिहायला बसलो.) मेहरुन्निसाची एकच अट आहे. ज्या घरचे लोक गोड न खाता उठतात, त्यांनी या वेळी आधी गोड खायचं, मग बसायचं. ट्रक देवळापर्यंत यावा म्हणून सगुणाबाई कमान पाडायला तयार आहेत, जरी तिच्यावर त्यांचंच नाव आहे.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. सोमवारच्या वाऱ्यात साफ्याची गाठ सैल झाली आहे. आज दुपारपासून तो काठ हळूहळू खाली सरकतो आहे, मला इथून दिसतो. गाठ मी बांधू शकतो, हात पोचतो. पण साफा हुजैफाचा आहे, तेव्हा ती त्यानेच येऊन बांधावी असं मला वाटतं. तोवर मी लोलक हातात धरून बसतो. शुक्रवारपर्यंत धरवेल. शनिवारचं मी सांगत नाही.