खिडकीशी खाल्लेली भाकरी

नाशिक, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८०

काल सुजाताने कंपॅनियनचा अर्थ विचारला. सोबती, मी लेकीला सांगून टाकलं. तरी आज ऑफिसातली जाड डिक्शनरी उघडलीच. मूळ लॅटिन, म्हणे. ज्याच्याबरोबर पाव खाल्ला, तो. आपल्याकडे भाकरी म्हणायचं. म्हणजे रोटीव्यवहार तिकडेही बघत होते की काय?

शेजारच्या टेबलावरच्या जोशींना पान दाखवलं. नऊ वर्षं आम्ही शेजारी, पण डबा मी खिडकीशी खातो. त्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "पगारे, पहिल्या दिवशी तुम्हीच खिडकीशी गेलात. मला वाटलं, एकट्याने जेवायला आवडतं तुम्हाला."

खरंय. जा असं कुणी म्हटलं नव्हतं. मग मी गेलो कसा? गावच्या शाळेत आमच्या वस्तीतली पोरं भाकरीचं फडकं सोडायच्या आधीच उठून लांब बसायची. सांगावं लागत नसे. तीच सवय असणार.

पण नऊ वर्षांत त्यांनीही हाक मारली नाही.

हिला उद्या एक भाकरी जास्त द्यायला सांगितलंय. डबा जोशींच्या टेबलावरच उघडणार. बघू, तुकडा मोडतात का.