हमालांचे चार आणे

महाड, पौष वद्य पंचमी, शके १८५८

उमेदवारसाहेबांना आज गिरणीत चहा पाजला. चहा आठ आण्यांचा, पण इंजिन दोन तास बंद. खरा खर्च सात रुपये. वर मी छातीठोक सांगितलं, "गिरणीतली बाराच्या बारा मतं तुमची."

मग पोत्यांआडून कानावर आलं, माझ्या हमालांनी विरुद्ध उमेदवाराला माणशी चार आणे वर्गणी दिली. अर्ध्या दिवसाची मजुरी. राग नाही, नवल वाटलं. त्यांच्यातल्याच कापडे गावच्या धोंडूला विचारलं.

"शेट, तुमी तुमच्याला चहा पाजलात, आमी बोललो काय?"

"अरे, पण चार आणे? नुसतं मत द्यायचं, फुकट झालं असतं."

"सरकारी सारा भरतो त्याला मत. आमची जमीन खोताची, सारा तो भरतो. मत नाय, म्हणून तर चार आणे."

चार आणे अजून डोक्यातून जात नाहीत. संध्याकाळी चावडीवर मतदारयादी पाहिली. गिरणीतलं एकच नाव आहे, माझं.