हिनाने किती थांबावं

मी, निमेश एकनाथ मेहेर, वय सव्वीस, शिक्षण सातवी, राहणार दातिवरे, तालुका पालघर, सध्या मुक्काम युक्रेन देशात खार्किवच्या बाहेर. डोकं ठिकाणावर आहे, ताप नाही, दारू घेतलेली नाही, कोणी दमदाटीही केलेली नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करावं ते माझ्याच हाताने लिहितो.

माझा थोरला भाऊ हितेशदादा फोनवर म्हणतो, "मासळीच्या कारखान्यात म्हणून पोलंडला गेलास नि लढाईत घुसलास. तुझ्या बापाची लढाई हाय का ती?" नाही. रशियाने चाल केल्यावर कारखान्यातला माझा जोडीदार तारास आपल्या देशात लढायला निघाला. मी सोबत आलो, जाळी विणायला. त्याची टोळी अराजकवाद्यांची, म्हणजे सरकार नको, साहेब नको म्हणणाऱ्यांची. इथं पुढारी हात वर करून निवडतात, नि तसंच काढूनही टाकतात. आपल्या बोटीवर बोट चालवणाऱ्या तांडेलापुढे बोलायची कोणाची टाप!

गाडी झाकायला मी जाळं विणलं. बाबांनी शिकवलं तसं, सगळी भोकं एकसारखी, एक गाठ ढिली नाही. रानात इतकं सरळ काही नसतं. वरून ड्रोनला ते लगेच दिसलं. खाली तारास होता, तो वाचला नाही. टोळीतली ओक्साना म्हणाली, "जाळं आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं." कोणी दोष दिला नाही. त्या आठवड्यात मी बंदूक घेतली. परत जायला रोज सकाळी बस असते, कोणी अडवत नाही. मी थांबलोय.

१. घरातला माझा हिस्सा आई पुष्पलता हिला. ती आहे तोवर कोणी विकायला काढू नये.

२. बोटीतला हिस्सा हितेशदादाला. सफाळ्याला चारचौघांत तू मला पळपुटा म्हणालास, ते विसरलो नाही. तरी बोट तूच घे, इंजिन तुझंच ऐकतं.

३. मोटारसायकल बोईसरच्या माझ्या दोस्ताला, मनीषला. टाकी गळते.

४. हिना ही कोणाला द्यायची वस्तू नाही, पण आमचा साखरपुडा झालाय. बाबा समुद्रात गेले, अंग मिळालं नाही. मेल्याचा दाखला मिळायला सात वर्षं गेली. तोवर आई रोज बंदरावर. कोणी "वैनी, चला घरी," म्हटलं की म्हणायची, "आमची बोट मागं हाय." माझंही अंग मिळेलच असं नाही. म्हणून मी गेलो असा ओक्सानाचा फोन आला की खरं मानावं. हिनाने दाखल्यासाठी थांबू नये, लग्न करावं.

हे कलम मी हिनाला फोनवर वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "मी किती थांबायचं ते तू ठरवणार?"

"तुझ्या भल्याचं हाय."

"तिथं सगळ्यांना इचारतात म्हणतोस. नि मला नाय?"

म्हणून कलम चार हा हुकूम समजू नये. ते माझं एक मत आहे. दुसरं हिनाचं, आणि तेच चालेल. आई, दादा, तुम्ही मत देऊ नये.

सही: निमेश एकनाथ मेहेर
साक्षीदार: १. ओक्साना २. देनिस, टोळीतलाच (दोघांना मराठी येत नाही. मी सही करताना दोघांनी पाहिलं.)
खार्किवजवळ, १४ मे २०२४