केलेब रेबोल्ड हा शांत माणूस होता

३ फेब्रुवारी १९९१, रविवार
नायजेलच्या घरी चहा. आमचं लग्न सप्टेंबरात, त्यामुळे हल्ली दर रविवारी जावं लागतं. त्याची आई, मिसेस वेस्टवुड, हॅम वाढता वाढता म्हणाल्या, तुम्हा रेबोल्डांकडे पहिल्यापासून हात चालतात गं, जोसलिन, अख्ख्या क्रॅडली हीथ गावाला ठाऊक आहे. मी अत्यंत शांतपणे विचारलं, पुरावा काय? त्या म्हणाल्या, पुरावा कशाला, नायजेलची भुवई बघ की. (भुवई: नाताळात अक्रोड फोडायचा चिमटा माझ्या हातून निसटला होता.) नंतर ट्रायफलचा, म्हणजे केक-कस्टर्डच्या गोडाचा, वाडगा निसटला. मिसेस वेस्टवुड वेळेवर खाली वाकल्या, म्हणून कस्टर्ड फक्त भिंतीला लागलं.

परतताना नायजेल म्हणाला, आई म्हणते तुमच्या घराण्याचं काही नक्की कळल्याशिवाय ती लग्नाला येणार नाही. मी म्हटलं, कळेल.

निश्चय: आजोबांचे आजोबा केलेब रेबोल्ड हे लोखंडी साखळी बनवणारे होते, चॅपेलला जाणारे. त्यांचं आयुष्य कागदोपत्री शोधून काढणे, आणि रेबोल्ड शांत असतात हे सिद्ध करणे. ईस्टरच्या आत.

९ फेब्रुवारी, शनिवार
वाचनालयात जुन्या नोंदींच्या फिल्म बघायचं यंत्र एकच. त्याला मिस्टर हँडली चिकटलेले. निवृत्त आहेत, घराण्यात एखादा सरदार सापडतोय का बघतात. एक तास वाट पाहिली. मग फिल्मच्या कपाटाचा ड्रॉवर आपोआप बंद झाला. मिस्टर हँडलींची दोन बोटं आत होती. वाचनालयाच्या मिस फॉक्सॉल म्हणाल्या, मिस रेबोल्ड, ड्रॉवर आपोआप दोनदा बंद होत नसतो. ही वाचनालयाच्या देखभालीची स्थिती.

यंत्र मिळालं. १८८१ची जनगणना. नावांची सूची नाही. गल्ली गल्ली, घर घर बघायचं. डोळे दुखतात.

१० फेब्रुवारी
निश्चय: संताप आला तर वीसपर्यंत मोजणे. आजोबा असंच सांगत. आईबाबा कारखान्यात जायचे, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मला आजोबांनीच स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. त्यांचा नियम: शाईने लिहिलेलं पुसायचं नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. इतका शांत माणूस मी पाहिला नाही. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. जिन्यावरून पडले होते, असं आजी सांगायची.

१६ फेब्रुवारी, शनिवार
सापडले. फोर्ज लेन, घर नंबर नऊ. केलेब रेबोल्ड, कुटुंबप्रमुख, वय ३१, साखळी बनवणारा. हॅना ८, जोसेफ ६, विल्यम ३. विल्यम म्हणजे आजोबांचे वडील. ३ एप्रिलला, जनगणनेच्या रात्री, दारू नाही, मारामारी नाही. माणूस घरात, तीन लेकरांपाशी.

बायको केझाया आणि चार महिन्यांची लीया मात्र यादीत नाहीत. नियम असा की माणूस ज्या छपराखाली ती रात्र काढतो, तिथेच त्याची नोंद. म्हणजे केझाया आजारी आईच्या शुश्रूषेला गेली असणार. प्रेमळ बाई.

नायजेलला फोन केला. तो म्हणाला, छान, आता आईला सांगू या. त्यावर त्याने सोडलेला सुस्कारा आनंदाचाच होता.

१७ फेब्रुवारी
चॅपेलच्या वहीत तपासलं. केझायाची आई १८७४ सालीच वारली.
दुरुस्ती: बहिणीच्या शुश्रूषेला.

२४ फेब्रुवारी, रविवार
एडना आत्याकडे. तिच्या भिंतीवर केलेबचा हातोडा टांगलेला आहे. म्हणाली, ने बाई, नाहीतरी मला धूळ पुसायचा कंटाळा येतो. हातोडा लहान, परसातल्या भट्टीवर बारीक कड्या जोडायचा. लाकडी दांड्यावर बोटांच्या खाचा पडल्यात. त्यांत माझी बोटं तंतोतंत बसली, शिवून घेतलेल्या हातमोज्यासारखी. केलेबचे हात नाजूक असावेत. सभ्य माणसाचे.

आत्या माझ्याकडे बघून हसत होती. का, ते सांगितलं नाही. ड्यूक, तिचा कुत्रा, माझ्या बुटावर आला. त्याला फक्त बाजूला केलं.

१० मार्च, मदरिंग संडे
जन्मतारखांसाठी घराण्याचं बायबल हवं होतं. ते रॉनकाकांकडे. काका दारातच कुजबुजले, आत डोरीन आहे, जपून बोल. डोरीनकाकू म्हणाली, इथेच बसून बघ, घरी न्यायचं नाही, तुझ्याकडे गेलेली वस्तू धड परत येत नाही. काकांनी मध्ये काही म्हटलं. काकूने त्यांना शेकोटीच्या लोखंडी पोकरने पोटरीवर मारलं, पण हलकेच, सवयीने. मग बायबलची एक बाजू तिने ओढली, एक मी. मी वीसपर्यंत मोजायला सुरुवात केली होती. सातला बायबल निसटलं. पितळी कोपऱ्यांचं आहे, जड. काकूचा पुढचा दात पडला.

मी ज्या दंतवैद्यांकडे कामाला आहे, तिथे तिला मंगळवारी सव्वादहाची वेळ दिली. एरवी तीन आठवडे थांबावं लागतं. कुटुंबासाठी माणूस एवढं करतोच.

२३ मार्च, शनिवार
जुनी वर्तमानपत्रं वाचायला घेतली, १८७९ ते १८८१. भयंकर लोक. एकाने दारूच्या गुत्त्याबाहेर दुसऱ्याचा कान चावून तोडला आणि कालव्यात थुंकला. रेबोल्ड नव्हे, नोंद घ्यावी. कमी मजुरीत काम करणाऱ्या एकीला चौघी बायकांनी तिच्याच भट्टीच्या भात्याला बांधलं आणि तापलेली कडी दंडावर टेकवली. चौघींतली एक रेबोल्ड, पण लग्नाने, माहेर दुसरं, म्हणजे रक्ताची नव्हे. वसुलीच्या माणसाला चिमट्याने बडवणारी सुझॅना रेबोल्ड. लांबची.

आतापर्यंत एकही रेबोल्ड पुरुष सापडला नाही. माझं म्हणणं खरं ठरतंय.

३१ मार्च, ईस्टर
मुदत वाढवली.

६ एप्रिल, शनिवार
२६ मार्च १८८१चा अंक. कोर्टाची बातमी: केलेब रेबोल्ड, साखळी बनवणारा, डोक्याला पट्ट्या बांधून उभा राहिला. त्याचा डावा डोळा उघडत नव्हता. हृदय भरून आलं. म्हणजे ते मारणारे नव्हतेच. गुंडांनी त्यांना मारलं, आणि ते न्याय मागायला कोर्टात गेले. इतकं पुरे आहे. बातमी पुढच्या स्तंभात चालू होती, पण वाचनालय बंद व्हायला जेमतेम चाळीस मिनिटं उरली होती.

मिसेस वेस्टवुड आणि नायजेलला २१ तारखेला चहाला बोलावलं. त्या म्हणाल्या, यायचं तर येते, पण वाडगे आधी टेबलावर ठेव.

१३ एप्रिल, शनिवार
आमच्या घरी यंदाच्या जनगणनेचा फॉर्म आला. रात्र २१ची. योगायोग सुंदर आहे. बाबा म्हणाले, तूच भर, अक्षर तुझं चांगलं.

मिस फॉक्सॉलना सहज विचारलं की १८८१ साली एखादी बाई घरात नसेल तर आणखी कुठे शोधावी. त्या म्हणाल्या, नातेवाईक, इस्पितळ, नाहीतर तुरुंग, तिथे मात्र लाज राखायला नुसती आद्याक्षरं लिहीत. मी म्हटलं, आमच्यात तुरुंगाचा प्रश्न येत नाही. त्या म्हणाल्या, येत नाही ना, मग बघायला काय हरकत आहे. मिस्टर हँडली पट्टी बांधलेल्या बोटांनी चष्मा वर करून बघत होते.

जिल्ह्याच्या तुरुंगाची यादी काढली. पान चौथं. के. आर., स्त्री, विवाहित, २९, साखळी बनवणारी, जन्म क्रॅडली. खाली एल. आर., मुलगी, ४ महिने.

के. आर. म्हणजे केट रॉबिन्सनही असू शकते. आणि समजा केझायाच असली, तरी चांगल्या घरच्या बायका तुरुंगात बायबल वाचून दाखवायला जात. पाहुणी म्हणून गेली असेल, उशीर झाला असेल, राहिली असेल. तान्हं मूल सोबत नेणारच.

यादीत तिच्या नावापुढे ‘कैदी’ लिहिलंय. कारकून दमलेला असावा.

२० एप्रिल, शनिवार
ती बातमी पुरी वाचली. शब्दश: उतरवते, कारण उतरवायला हवी.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, हे तुझ्या बायकोने केलं? केलेब म्हणाला, नाही साहेब, हातोडा तिच्या हातून निसटला, भट्टीपाशी हात घामेजतात. मॅजिस्ट्रेट म्हणाले, तीनदा निसटला? कोर्टात हशा. केलेब म्हणाला, ती फार चांगली बाई आहे साहेब, पोरांना तिच्याशिवाय करमत नाही. केझाया रेबोल्ड काही बोलली नाही. दोन महिने सक्तमजुरी, तान्ही मुलगी सोबत.

यातून निघणारा मुख्य मुद्दा असा की केलेब अतिशय शांत होता. मी शोधत होते ते सापडलं. उद्या तेवढंच वाचून दाखवणे. केझायाचा संदर्भ अपुरा आहे, सबब वगळणे. हे खोटं बोलणं नव्हे. आजोबांनी वगळण्याबद्दल नियम केला नव्हता.

झोप नाही.

२१ एप्रिल, रविवार, सकाळ
हॅम, काकडी, फळांचा केक. ट्रायफल नाही. एडना आत्या स्वतःच यायची म्हणाली, ऐकायला. हातोडा टेबलाच्या मध्यभागी रुमालावर ठेवला. जनगणनेचा फॉर्म भरून तयार. त्यात माझं नाव: जोसलिन रेबोल्ड, मुलगी, अविवाहित, वय २५.
निश्चय: आज चाळीसपर्यंत मोजणे.

२२ एप्रिल, सोमवार, सकाळी ७.१०
कागद कॉन्स्टेबलने दिला. नंतर वहीत चिकटवणे.

केलेबवर लिहिलेला निबंध छान झाला. तीन लेकरांपाशी बसलेला केलेब वाचताना बाबांनी डोळे पुसले. नायजेलने माझा हात धरला. मिसेस वेस्टवुडसुद्धा म्हणाल्या, बरं, माणूस चांगला दिसतो. मग म्हणाल्या, आणि बायको कुठे होती गं? मी म्हटलं, शुश्रूषेला.

एडना आत्याने तोंडातला केक गिळला आणि म्हणाली, कोण, केझाया? अगं ती तुरुंगात होती की. त्या हातोड्याचंच तर सगळं. तो तिचा, त्याचा कुठला? त्याचा एवढा मोठा होता. मी म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस? आत्या म्हणाली, तू विचारलंस कुठे, तू पुरुषांचं विचारत होतीस. रेबोल्डांचे पुरुष कधी कुणाला मारतात का पोरी? ते मार खातात. तुझ्या आजोबांचा कान काय जिन्याने नेला?

बाबा बशीत बघत होते.

मिसेस वेस्टवुड नायजेलला म्हणाल्या, मी काय सांगत होते? ऊठ. आणि नायजेल हसला. दुष्टपणे नव्हे. त्याला ते मजेशीर वाटलं, इतकंच. मी एक म्हटलं. दोन म्हटलं. मग हातोडा

त्याचं खांद्याचं हाड मोडलं. आवाज टेबलाच्या माझ्या टोकाला ऐकू आला. त्याच्या आईने किटली उचलून मला मारली. पाठ भाजली आहे, फार नाही. आत्या म्हणाली, बास बायांनो, आता बास. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता असं मला वाटलं. पोलिसांना मिसेस वेस्टवुडांनी बोलावलं.

कॉन्स्टेबलचं नाव बॅग्ली. वयस्कर, सर्दी झालेली. म्हणाला, बाई, तुमच्या होणाऱ्या मिस्टरांनी इस्पितळात जबाब दिलाय, हातोडा तुमच्या हातून निसटला म्हणून. मी म्हटलं, त्यांनी असं सांगितलं? तो म्हणाला, हो, आणि वर म्हणाले, फार चांगली मुलगी आहे. मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, मी चोवीस वर्षं या नोकरीत आहे. निसटलेली वस्तू खाली पडते. टेबलभर आडवी जात नाही. तुम्ही काय म्हणता, ते लिहितो.

केझाया काही बोलली नव्हती.

मी म्हटलं, फेकला. त्याने विचारलं, नक्की? पुन्हा विचार करा. मी म्हटलं, फेकला, आणि ट्रायफल फेकलं, आणि अक्रोडाचा चिमटा, आणि बायबल. ड्रॉवरही लिहा. तो म्हणाला, ड्रॉवर राहू द्या.

हातोड्याला चिठ्ठी बांधून पिशवीत घातलाय. अंगठी लिफाफ्यात, पट्टा आणि बुटांच्या नाड्यांबरोबर. नायजेलला निरोप पाठवता येईल का विचारलं. काय निरोप, असं बॅग्लीने विचारलं. मी सांगितलं, पुन्हा निसटला म्हणू नकोस. त्याने ते लिहून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

मग तो एक फॉर्म घेऊन परत आला. म्हणाला, काल जनगणनेची रात्र होती, इथे चौकीत आत जेवढे असतील तेवढ्यांनी भरायचा, सरकारी काम. मी म्हटलं, माझं नाव घरच्या फॉर्ममध्ये लिहिलंय. तो म्हणाला, रात्र कुठे काढलीत? मी नियम जाणते. घरच्या फॉर्मवर एक रेघ मारायला बाबांना सांगणे. कारण शेजारी लिहिणे.

विचारलं, नुसती आद्याक्षरं चालतील का? तो म्हणाला, ती पूर्वी चालत. आता पूर्ण नाव. इथे खूण करा: राहणारी की पाहुणी. पाहुणीवर केली.

जनगणनेचा कागद शंभर वर्षं कुणी उघडत नाही. तरी अक्षर नीट काढलं.