एका कोटाची सहा काजं

प्रिय धाकल्या,

आधी बातमी, मग बाकीचं. काल मी एका कोटाची सहाही काजं हातानं केली. एका बैठकीत, एकही टाका न उसवता! दुकानाच्या मालकांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक काज उजेडात धरलं आणि म्हणाले, "बाई, हा तुमचा जुना हात." मला रडू फुटलं, आणि लगेच हसूही.

दोन वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा तू फोनवर किती धीर दिलास. पण सगळं काही मी तुला सांगितलं नव्हतं. उजवा हात थरथरायचा, ते एक वेळ सोसलं असतं. तो ऐकायचाच नाही, हे खरं दुखणं. सुई उचल म्हटलं तरी परक्याचा असल्यासारखा पडून राहायचा. गोळ्यांनी दिवसातले काही तास मिळायचे, तेवढेच. मालकांनी मला काजांवरून काढून इस्त्रीला उभं केलं. केलं मायेनंच, पण ते फार लागलं. घरी आल्यावर मी शिवणयंत्राकडे पाठ करून बसायची.

मग आमच्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. चिरफाड नाही, भूल नाही. खुर्चीत बसायचं, दोन बांगड्या जोडल्यासारखं एक वेटोळं डोक्याला टेकवतात. ते टकटक वाजतं आणि चुंबकाची लहर कवटीतून आत जाऊन सुस्तावलेल्या पेशींना ढोसते. सुतारपक्षी डोक्यावर बसलाय असं वाटतं. कधी थोडं डोकं दुखतं, एवढंच.

पण फजिती ऐक. पहिले दहा दिवस बसले, फरक शून्य. चाचणीचा तो भाग संपल्यावर कळलं, माझ्या वाट्याला खोटं यंत्र आलं होतं, नुसता आवाज करणारं! मी अशी भडकले की बाहेरचे पेशंट डोकावून बघायला लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सही केलीत त्या कागदावर हे लिहिलं होतं. खोट्याशी ताडून पाहिल्याशिवाय खरं कळायचं कसं?" कागद न वाचता सही केली होती मी! पुन्हा खुर्चीत बसले, या वेळी खऱ्या यंत्राखाली.

खऱ्या यंत्राच्या सातव्या दिवशी शर्टाचं बटण मी न बघता लावलं, आणि लावून झाल्यावर ध्यानात आलं! आधी आणि नंतर रक्त तपासलं होतं. मेंदूच्या पेशींना पोसणारं एक प्रथिन असतं, ते माझ्या रक्तात वाढलेलं दिसलं. ज्याच्या तुटवड्यानं हा आजार छळतो ते डोपामिनही आत थोडं जास्त सुटत असावं, असा बाईंचा अंदाज. प्रयोगशाळेतली मुलगी मात्र बजावत होती, "मावशी, एका माणसाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही हं." नसेना का! आजार गेलेला नाही, गोळ्या चालूच आहेत, हा गुण किती महिने टिकेल ते कुणीच सांगत नाही. ओसरला तर पुन्हा बसेन. पण आजपासून मी पुन्हा काजांवर आहे.

आता हे सगळं तुला का लिहितेय ते. गेल्या रविवारी तू आलास तेव्हा मी खिडकीत होते. फाटकापासून दारापर्यंत चालत आलास आणि तुझा डावा हात एकदाही हलला नाही. जेवताना तो मांडीवर, बोलताना खिशात. तू बस चालवतोस, धाकल्या. नोकरी जाईल म्हणून गप्प आहेस, हे मला कुणी सांगायला नको. निदानाआधी मीही अख्खं वर्ष असाच हात दडवला आणि ते वर्ष वाया घालवलं. माझा अंदाज चुकला तर जन्मभर चिडव मला. पण तपासणी होईपर्यंत रजा टाक, तुझ्या पाठीमागे चाळीस माणसं विश्वासानं बसलेली असतात. मंगळवारी सकाळी दहाची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. नोकरीचं पुढचं पुढे, भांडायची वेळ आली तर दोघं मिळून भांडू. आधी तो हात खिशातून बाहेर काढ.

तुझीच,
कान धरायला पुन्हा सज्ज झालेली ताई